भरवशाचें पिस्तूल कसें निवडावें?



पिस्तूल हा शब्द कानीं पडतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें बोलपटांतील खलपुरुष तरी उभा राहतो, नाहीं तर पोलिसचौकी. अशा वस्तूच्या निवडीविषयीं साठी ओलांडलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें नभोवाणीवर येऊन बोलावें हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. मलाही तें वाटलेंच असतें. परंतु माझ्या नातीनें वयाच्या चौदाव्या वर्षीं नेमबाजी शिकण्याचा हट्ट धरला, आणि ज्या हातांनीं मीं आयुष्यभर खडूशिवाय कांहीं उचललें नाहीं त्या हातांत पिस्तूल घेऊन तें पारखण्याची पाळी माझ्यावर आली.

आम्ही कोल्हापूरचे. इकडच्या मुलांना या खेळाचें वेड लागावें यांत नवल नाहीं. राही सरनोबत या आमच्या गांवच्या मुलीनें २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. जिल्ह्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें रायफलच्या नेमबाजींत ब्राँझपदक जिंकलें. अशा बातम्या शाळेच्या फळ्यावर लिहिल्या जात असतां घरांतल्या मुलीनें ‘मलाही शिकायचें आहे’ म्हटलें, तर नाहीं म्हणणार कोण?

हट्ट पुरवावयाचा, पण पैसा बेतानें खर्चावयाचा, अशा दुहेरी विचारानें मीं एक वापरलेलें हवेचें पिस्तूल विकत घेतलें. आंत स्प्रिंग, नळी मोडून छर्रा भरावयाचा, वजनास भरपूर आणि दिसावयास मोठें ऐटबाज. विकणारा म्हणाला, “मास्तर, लोखंड आहे. पतवंडांना पुरेल.” लोखंडाविषयीं तो खोटें बोलला नाहीं.

पुढले सहा महिने मुलगी दररोज संध्याकाळीं १० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरी आणि छर्रे कधीं वर, कधीं डावीकडे, तर कधीं काळ्या वर्तुळाच्याही बाहेर जात. वर्गांत उभा जन्म काढलेल्या मास्तराला अशा वेळीं निदान एकच सुचतें. “तुझें लक्ष नाहीं,” मी म्हणें. “हात स्थिर ठेव. घाई करूं नकोस.” ती मुकाट्यानें ऐके. पुढें पुढें तिचें मैदानावर जाणेंच कमी झालें, आणि मीं मनांत म्हटलें, चला, हौस फिटली.

एके दिवशीं तेथील शिक्षकांनीं तें पिस्तूल सहज हातीं घेतलें, वाळूच्या पिशवीवर टेकविलें व स्वतः दहा छर्रे सोडले. त्यांचेही छर्रे तसेच विखुरले. तेव्हां त्यांनीं मागच्या खाचेचा पत्रा नखानें ढकलून पाहिला. पत्रा हलला. फार नव्हे, अर्धा मिलिमीटर.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हें मीं घरीं येऊन त्रैराशिकानें मांडलें. नेम धरतांना पुढची माशी मागच्या खाचेंत बसवावी लागते. या दोहोंमधील अंतर सुमारें ३०० मिलिमीटर. लक्ष्य १०,००० मिलिमीटरवर. तीनशेंत अर्धा, तर दहा हजारांत किती? उत्तर जवळजवळ १७ मिलिमीटर. आतां ज्या मधल्या वर्तुळाचे दहा गुण मिळतात त्याचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, आणि त्याबाहेरचें प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरांनीं दूर. म्हणजे मुलीनें नेम दहाच्या मध्यावर धरला तरी छर्रा आठावर जाऊन बसावा! शिवाय नळीचें बिजागर झिजलेलें होतें, तो हिशेब निराळा.

हें गणित मीं तिला समजावून दिलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “म्हणजे आजोबा, मी तितकी वाईट नव्हतें.”

त्या वाक्यानें मला रात्रभर झोंप आली नाहीं. नवशिक्या माणसाला आपली चूक कोणती आणि शस्त्राची चूक कोणती हें कळत नाहीं. तो सगळी चूक स्वतःच्या पदरांत बांधून घेतो, आणि घरांत माझ्यासारखा मास्तर असला तर त्या पदराला गांठही मारून देतो. जें पिस्तूल तुम्ही केलें तेवढेंच व तसेंच प्रत्येक वेळीं कागदावर उतरवितें, त्याला मी भरवशाचें पिस्तूल म्हणतों. छर्रा चुकला तर चूक आपलीच, असें ज्याच्या बाबतींत निःशंकपणें म्हणतां येतें तें घ्यावें. जोर, चकाकी आणि किंमत यांचा विचार त्यानंतरचा.

या खेळांत बारीक नळीचीं पिस्तुलें दोन प्रकारचीं येतात. एक हवेचें, त्याच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, व लक्ष्य १० मीटरवर. दुसरें काडतुसाचें, ज्याला सगळे ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. याचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकीं २२ भाग, म्हणजे ५.६ मिलिमीटर, व लक्ष्य बहुधा २५ मीटरवर. पहिल्यांतून सुटणारा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा व वेग सेकंदाला दीडशें मीटरांच्या आसपास. दुसऱ्यांतली गोळी अडीच ग्रॅमांहून थोडी अधिक, आणि वेग जवळजवळ दुप्पट. दोहोंच्या जोरांत पंधरावीस पटींचें अंतर पडतें. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. काडतुसाचें पिस्तूल घरीं ठेवावयाचें तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना लागतो व तो सामान्यतः २१ वर्षांखालील व्यक्तीस मिळत नाहीं. लहान मुलांना शिकावयाचें तें संस्थेच्या देखरेखीखालीं, संस्थेच्या शस्त्रांवर. ४.५ मिलिमीटरच्या, ठराविक जोराच्या आंतील हवेच्या पिस्तुलाला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाहीं, मात्र ओळखीचे कागद दाखवून रीतसर पावती घ्यावी. तेव्हां नवशिक्यानें आरंभ हवेच्याच पिस्तुलानें करावा. यांत कमीपणा कांहीं नाहीं. ऑलिंपिकमध्येंही हा स्वतंत्र प्रकार आहे.

हवेच्या पिस्तुलांत छर्रा ढकलावयाचा कशानें, यावर सारें अवलंबून असतें. स्प्रिंगच्या पिस्तुलांत चाप ओढतांच दाबून ठेवलेली जाड स्प्रिंग सुटते, जड दट्ट्या पुढें धांवतो आणि त्याच्यापुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. अडचण अशी कीं, छर्रा नळींतून बाहेर पडण्याच्या आंतच दट्ट्याची ही धांव हाताला दोनदां हिसका देते, एकदां मागें व एकदां पुढें. हात कसलेला असेल तर तो हा हिसका दर वेळीं सारखाच घेईल. चौदा वर्षांच्या मुलीचा मऊ हात कसा घेणार? फाइनवेर्कबाऊ या जर्मन कारखान्यानें १९६५ च्या सुमारास आपल्या ‘६५’ क्रमांकाच्या पिस्तुलांत यावर मोठी नामी युक्ति काढली. नळी व दट्ट्या यांचा सारा सांगाडाच मुठीवर मागें सरकेल असा बसविला, म्हणजे हिसका हातापर्यंत पोंचतच नाहीं. तीं जुनीं पिस्तुलें आजही कोठें कोठें उत्तम चालतांना दिसतात, पण साधें स्प्रिंगचें पिस्तूल शिकण्यासाठीं घेऊं नये असेंच मी सांगेन.

दुसरा प्रकार कार्बन डाय ऑक्साइड वायूचा. हा वायु नळकांड्यांत द्रवरूप असतो व त्याचा दाब हवामानाबरोबर चढतो-उतरतो. २० अंश उष्णतेला तो ५७ बारच्या जवळपास. सकाळच्या थंडींत बराच उतरतो, वैशाखाच्या दुपारीं बराच चढतो. ज्या वस्तूचा जोर ऋतूप्रमाणें बदलतो तिच्यावर मीं वर सांगितलेल्या अर्थानें भरंवसा टाकतां येत नाहीं. म्हणूनच वरच्या स्पर्धांतून हीं पिस्तुलें मागें पडलीं.

तिसऱ्या प्रकारांत बाजूचा दांडा एकदांच उघडून मिटला कीं एका छर्ऱ्यापुरती हवा कोंडली जाते. हिसका जवळजवळ नाहीं, बाहेरून हवा भरण्याची यातायात नाहीं, बिघडण्यासारखे भागही थोडे. दोष एकच, साठ छर्रे मारावयाचे तर दांडा साठ वेळां मिटावा लागतो आणि तो मिटावयास कस लागतो. लहान मुलाचा हात नेम धरण्यापूर्वींच शिणतो. मोठ्या माणसाला हौसेखातर खेळावयाचें असेल तर माझें मत याच प्रकाराला. चौथा प्रकार दाबलेल्या हवेच्या नळकांड्याचा. २०० बारपर्यंत हवा भरलेलें नळकांडें नळीखालीं असतें, एका नियंत्रकांतून प्रत्येक छर्ऱ्याला सारखीच हवा मिळते आणि पिस्तूल हातांत थरथरतही नाहीं. आज स्पर्धांतून मुख्यतः हेंच दिसतें. वाल्थर, स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, अशीं याचीं नांवें; किंमती मात्र लाखाच्या पुढें. वापरलेलें घेत असाल तर नळकांड्यावर कोरलेली तारीख आधीं वाचा. कारखाने या नळकांड्यांना बहुधा दहा वर्षांची मुदत घालून देतात, आणि इतका दाब पोटांत बाळगणारी मुदतबाह्य वस्तु स्वस्त मिळाली म्हणून घरांत आणणें हा शहाणपणा नव्हे.

आतां चापाविषयीं. दुकानांत गिऱ्हाईक पिस्तुलाची नळी पाहतो. जाणता मनुष्य चाप पाहतो. १० मीटरच्या स्पर्धेंत चाप निदान ५०० ग्रॅम वजन तोलून धरील इतका घट्ट असावा लागतो, काडतुसाच्या २५ मीटरच्या पिस्तुलांत १००० ग्रॅम. अर्धा किलो म्हणजे वाण्याच्या तराजूंतलें ओळखीचें माप आहे. परंतु वजनापेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं, चाप प्रत्येक वेळीं त्याच ठिकाणीं व तेवढ्याच दाबाला सुटला पाहिजे. चांगल्या चापाची ओढ दोन टप्प्यांची असते. पहिला टप्पा सैल. मग बोटाला एक भिंत लागते. तिच्यावर किंचित् अधिक दाब पडतांच सुटका. ती भिंत दर वेळीं जागच्या जागीं लागते कीं नाहीं, हें पंचवीस वेळां करून पाहावें. कधीं अलीकडे, कधीं पलीकडे, कधीं खरखर, असें झालें तर पिस्तूल परत ठेवावें. दुकानदार कंटाळला तर कंटाळूं द्यावा. चांगल्या पिस्तुलांत हवा न सोडतां कोरडा चाप ओढण्याची सोय असते. घरीं केवळ या कोरड्या सरावानें माझ्या नातीचे गुण जितके वाढले तितके शेंकडों छर्ऱ्यांनीं वाढले नसते.

मूठ ही जोड्यासारखी असते. दुसऱ्याच्या मापाची चालत नाहीं. लांकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठीं वेगवेगळ्या मिळतात. डोळे मिटून पिस्तूल धरावें, हात लक्ष्याकडे उचलावा व डोळे उघडावे. माशी खाचेच्या मध्यावर आपोआप आलेली दिसली तर मूठ आपली. दर वेळीं मनगट वळवून ती आणावी लागत असेल तर मूठ कानसून घ्यावी किंवा बदलावी. हाताच्या बाबतींत माणूस किती जमवून घेऊं शकतो याचें एक उदाहरण सांगावेंसें वाटतें. हंगेरीचा कारोली टाकाच हा नेमबाज. १९३८ सालीं हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें नव्यानें शिकावयास आरंभ केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्यें जलद पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. पण अशा पुरुषासाठीं मुठींचीं मापें काढलेलीं नसतात. तुम्हीं आम्हीं आपल्या हाताची मूठ घ्यावी.

काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळूं. हवेच्या पिस्तुलावर वर्ष-दोन वर्षें हात बसल्यावर कोणाला इकडे यावयाचें असेल तर त्यानें ध्यानांत ठेवावें कीं, येथें भरंवशाचा अर्धा भाग काडतुसाच्या हातीं असतो. पॉइंट टू टूचें काडतूस १८८७ पासून चालत आलेलें आहे. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते व पेट घेणारा मसाला त्या कडेंतच भरलेला असतो. कडेला कोठें मसाला कमी पडला तर ठोका बसूनही काडतूस पेटत नाहीं. शिवाय ही कड पुढच्या काडतुसाच्या कडेंत अडकते, आणि मेण लावलेली शिशाची गोळी हळूहळू आंतला मार्ग चिकट करते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाला मागें सरकण्यासाठीं जो धक्का लागतो तोही या लहान काडतुसांत बेताचाच. स्प्रिंग जरा जड असली कीं रिकामें टरफल बाहेर न पडतां मध्येंच अडकतें. याचा परिणाम स्पर्धेंत काय होतो पाहा. २५ मीटरच्या जलद भागांत लक्ष्य तीन सेकंद दिसतें व सात सेकंद लपतें, असें पांच वेळां. त्या तीन सेकंदांत टरफल अडकलें तर नेमबाजाची लय तुटतेच. म्हणून पिस्तूल घेतांना तीन-चार जातींचीं काडतुसें नेऊन प्रत्येकीचीं निदान पन्नास तरी मारून पाहावींत, आणि जी जात न अडखळतां चालेल तीच पुढें वापरावी. महाग काडतूस प्रत्येक पिस्तुलाला मानवतेंच असें नाहीं. आणखी एक सांगतों. या पिस्तुलाचा चाप रिकामा ओढूं नये, कारण ठोका देणारी टांचणी नळीच्या कडेवर आपटून ती बोथट करते. नकली काडतूस घालावें.

कोणी म्हणेल, उत्तम कारखान्याचें घेतलें म्हणजे काळजी मिटली. तसें नसतें. २०२१ सालीं टोकियोला भरलेल्या ऑलिंपिकमध्यें मनू भाकर या आपल्या तरुण खेळाडूच्या हवेच्या पिस्तुलांत ऐन फेरी चालूं असतां बिघाड झाला. ७५ मिनिटांत साठ छर्रे मारावयाचे. त्यांतलीं अमोल मिनिटें दुरुस्तींत गेलीं. उरलेल्या वेळांत तिनें ५७५ गुण मिळविले, बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनीं हुकली. तीच मुलगी २०२४ सालीं पॅरिसहून दोन ब्राँझपदकें घेऊन आली हें खरें. पण मधलीं तीन वर्षें तिनें कशीं काढलीं असतील हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. म्हणून विकत घेण्यापूर्वीं दुकानदाराला विचारावें कीं, याचे सुटे भाग मिळतात का, किती दिवसांत मिळतात, आणि दुरुस्त करणारा माणूस आपल्या गांवापासून किती दूर राहतो. विजेवर चालणारा नाजूक चाप फार गोड असतो, परंतु ज्याच्या घराजवळ तो दुरुस्त करणारा नाहीं त्यानें साधा लोखंडी चापच घ्यावा. आमच्याकडे एका गृहस्थांचें परदेशी पिस्तूल एका रबरी वेढ्यावांचून चार महिने कपाटांत पडून होतें.

मग शेवटची परीक्षा, जी मीं पहिल्या वेळीं केली नाहीं. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवावें, जाणत्या माणसाला बसवावें, आणि १० मीटरवर एकाच बिंदूवर नेम धरून दहा छर्रे मारवावे. सपाट तोंडाचे छर्रे घ्यावे. ते कागदाला स्वच्छ गोल भोंक पाडतात. चांगल्या पिस्तुलाचीं दहा भोंकें मिळून एकच लहानसें भगदाड दिसतें, आणि तें सारें दहाच्या वर्तुळांत सहज मावतें. भगदाड मध्यावर नसलें तर चिंता नको. माशी-खाच फिरवून तें मध्यावर आणतां येतें. विखुरलेलीं भोंकें मात्र कोणत्याही स्क्रूनें एकत्र येत नाहींत. तसें झालें तर छर्ऱ्यांची जात एकदां बदलून पाहावी. तरीही विखुरले, तर पैसे खिशांत ठेवून घरीं यावें. नव्या उत्तम पिस्तुलाबरोबर कारखान्यानें असा एक नमुन्याचा कागद दिलेला असतो. तोही मागून घ्यावा.

नातीसाठीं पुढें आम्हीं नळकांड्याच्या हवेचें, साध्या चापाचें एक वापरलेलें पिस्तूल घेतलें. या वेळीं शिक्षक बरोबर होते व वाळूची पिशवीही. तिनें एक वही केली आहे. प्रत्येक चुकलेल्या छर्ऱ्यापुढें ती कारण लिहिते: ‘मनगट ढिलें’, ‘चाप हिसकला’, ‘फार वेळ धरून ठेवलें’. मला ती वही दाखवितांना आतां ती लाजत नाहीं.

माझी वेळ होत आली; एक घरगुती गोष्ट राहिली. पिस्तूल हवेचें असो वा काडतुसाचें, तें भरलेलेंच आहे असें समजून धरावें, नळी सदैव लक्ष्याकडे, आणि नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर. डोळ्यांवर चष्मा हवाच. घरीं येतांच पिस्तूल एका कुलुपांत, छर्रे दुसऱ्या कुलुपांत. आमच्याकडे दोन्ही किल्ल्या माझ्या जानव्याला आहेत. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हां जेवावयास बसण्यापूर्वीं साबणानें हात धुवावेत, हें मुलांना दर वेळीं सांगावें लागतें.